डिह्युमिडिफायरने खोली गार करता येते का? हिशोब, तयारी आणि प्रत्यक्ष कृती

चालू डिह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवेतला ओलावा काढणाऱ्या यंत्राच्या, जाळीसमोर हात धरला तर कोमट हवा लागते, आणि आतली टाकी मात्र गार पाण्याने भरत असते. म्हणजे आत कुठेतरी गारवा तयार होतोय. मग उकाड्याच्या रात्री तो आपल्याला का मिळू नये? ही शंका अगदी रास्त आहे. कॉम्प्रेसर, दोन कॉइल (पात्या लावलेल्या नळीची वेटोळी, एक गार आणि एक गरम), त्यांच्यामधली बारीक कॅपिलरी नळी, पंखा, उष्णता वाहून नेणारा गॅस असं एसीत जे जे असतं ते सगळं या पेटीत आहे. एसीच्या दोन कॉइलांमध्ये एक आडोसा असतो, गार बाजू आत आणि गरम बाजू बाहेर. डिह्युमिडिफायरमध्ये तो आडोसा नसतो. तो घालायचा का, घालायचा असेल तर कसा, आणि न घालताही या यंत्राकडून थोडा आराम कसा मिळवायचा, ते इथे पाहू.

आत काय चालतं

खोलीतली दमट हवा फिल्टरमधून आत येते आणि आधी गार कॉइलवरून जाते. ही कॉइल हवेच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) थंड असते, त्यामुळे तिच्यावर पाणी सुटतं आणि टाकीत ठिबकतं. तीच गार, कोरडी झालेली हवा लगेच मागच्या गरम कॉइलवरून जाते आणि तापून खोलीत परत येते. गार कॉइलने हवेतून जेवढी उष्णता काढली तेवढी गरम कॉइलने परत दिली. वर कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही शेवटी उष्णताच झाली.

आकड्यांत मांडतो. समजा यंत्र ३०० वॅटचं आहे आणि दिवसाला १० लिटर पाणी काढतं. वाफेचं १ लिटर पाणी होताना सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १० लिटरची उष्णता २४ तासांवर पसरली तर साधारण २८० वॅट होतात. त्यात विजेचे ३०० मिळवा. म्हणजे खोलीत सतत ५८० वॅटचा एक हीटर चालू आहे. बंद खोलीत यंत्र चालवल्यावर पारा वर सरकतो तो यामुळे. यंत्रात बिघाड नसतो.

तरीही ओलावा काढणं आणि गारवा देणं ही कामं एकमेकांपासून फार लांब नाहीत. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी जे यंत्र आखलं, ज्याला आधुनिक एसीची सुरुवात मानतात, ते ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी होतं. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. तिथे आधी हवेतला ओलावा आवरायचा होता.

काहीही उघडण्याआधी एक रात्र मोजा

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा साधा मीटर उशाशी ठेवा. संध्याकाळ, मध्यरात्र आणि पहाट अशा तीन वेळा आकडे लिहा. खोलीत ३० अंशांच्या आसपास तापमान आणि ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर त्रास मुख्यतः घाम न वाळण्याचा आहे. त्यासाठी यंत्राला हातही लावावा लागत नाही, पुढचा भाग पुरेसा आहे. उलट ३७ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर हवा आधीच कोरडी आहे. तिथे डिह्युमिडिफायर आहे तसा चालवून फक्त उष्णता वाढेल.

यंत्र न उघडता करायचा उपाय

माझं मत स्पष्ट आहे: दहापैकी आठ घरांनी इथेच थांबावं.

२८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. तीच खोली ३० अंश आणि ५० टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १८ अंशांच्या थोडा वर येतो. पारा दोन अंश चढला, तरी अंगावरचा घाम कितीतरी लवकर वाळतो. अट एकच, पंख्याचा झोत अंगावर हवा. पंखा नसेल तर हाती फक्त वाढलेले दोन अंश उरतात.

कृती अशी. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी दारं-खिडक्या लावून यंत्र पूर्ण वेगाने चालवा आणि तेवढा वेळ खोलीत थांबू नका. ३० घनमीटर खोलीच्या हवेत, २८ अंश आणि ८५ टक्क्यांना, जेमतेम ७०० ग्रॅम पाणी असतं. त्यातलं पाव लिटर काढलं की आपण वरच्या आकड्यांवर येतो. पण टाकीत त्याहून कितीतरी जास्त पाणी जमेल आणि मीटर मात्र हळूच खाली येईल. कारण गादी, पडदे, कपडे, भिंतीचा गिलावा हे सगळे ओलावा धरून बसलेले असतात आणि हवा कोरडी होताच तो सोडू लागतात. पहिले दोन-तीन दिवस हे चालणारच. पहिल्याच रात्री निराश होऊ नका.

दाराखालची फट कापडाची गुंडाळी लावून बुजवा. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. स्वस्थ बसलेला माणूसही श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणून रात्री यंत्र पूर्ण बंद न करता ५५ टक्क्यांवर ठेवलं तर ते अधूनमधून चालून पातळी राखतं. आवाजाने झोप मोडत असेल तर यंत्र शेजारच्या मोकळ्या खोलीत ठेवून मधलं दार उघडं ठेवा. थोडी उष्णता तिकडच्या भिंतींत जिरते, सगळी नाही.

खोलीतली हवा ३५ अंशांच्या वर असेल तर हा उपाय नको. त्वचेचं तापमान साधारण तेवढंच असतं, त्याहून गरम हवेचा झोत उष्णता अंगावर आणूनच टाकतो.

लोक पहिल्यांदा करून पाहतात तो प्रयोग

यंत्राच्या तोंडाला पाइप लावायचा आणि गरम हवा खिडकीबाहेर सोडायची. मीही सुरुवात इथूनच केली होती आणि संध्याकाळभर खोली का गार होत नाही याचा विचार करत बसलो होतो. कारण सरळ आहे. बाहेर जाणारी हवा दोन्ही कॉइलांवरून गेलेली असते. तिच्याबरोबर गारवाही बाहेर जातो. शिवाय जेवढी हवा बाहेर ढकलली तेवढी बाहेरची गरम, दमट हवा फटींतून आत ओढली जाते. खोलीला काहीच मिळत नाही. दोन कॉइलांवरून दोन वेगळे झोत गेले, तरच गारवा खोलीत उरतो.

तुमचं यंत्र या कामाला चालेल का

मागचं लेबल वाचा. वजनाला हलकं, कॉम्प्रेसर नसलेलं, शोषक चक्राचं यंत्र असेल तर विषय संपला. त्यात ओलावा शोषणारं चक्र आणि ते वाळवणारा हीटर असतो, गार कॉइल नसतेच. दिवसाला पेलाभर पाणी काढणारी पेल्टिअरची (वीज दिल्यावर एक बाजू गार होणाऱ्या पट्टीची) छोटी यंत्रंही बाद.

कॉम्प्रेसरचं यंत्र असेल तर गॅसचं नाव पाहा. आर-१३४ए किंवा आर-४१०ए असेल तर पुढे वाचा. आर-२९० असेल तर थांबा. तो प्रोपेन आहे, स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला. घरगुती यंत्रात तो बहुधा १५० ग्रॅमच्या आत भरतात, पण हवेत घनमीटरला सुमारे ३८ ग्रॅम इतकं प्रमाण झालं की तो पेट घेऊ शकतो. म्हणजे १५० ग्रॅम गळला तर साधारण ४ घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. ज्यात नळी वाकवायची आहे आणि शेजारी रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) ठिणगी टाकणार आहे, अशा कामात हे यंत्र घेऊ नये. याबाबत माझी कसलीही तडजोड नाही.

जुनं यंत्र वापरायला काढत असाल तर त्याचं मॉडेल सुरक्षिततेसाठी परत मागवलेल्यांपैकी नाही ना, ते आधी तपासा. २०१३ मध्ये अमेरिकेत आग लागण्याच्या धोक्यामुळे लाखो डिह्युमिडिफायर परत मागवले गेले होते.

किती गारवा मिळेल

३०० वॅटच्या यंत्रातून नीट वेगळं केल्यावर ७०० ते ९०० वॅट गारवा मिळाला तर खूप झालं. एक टन म्हणजे सुमारे ३५०० वॅट, त्यामुळे हा झाला पाव टन. त्यातलाही तिसरा हिस्सा तरी पाणी काढण्यात जातो. उन्हाने तापलेली मोठी खोली याने गार होणार नाही. लहान अभ्यासिका किंवा पलंगाभोवती जाड पडदे लावून केलेली जागा एवढ्याच गोष्टी आवाक्यात आहेत. अशा जागेत यंत्र पडद्याबाहेर ठेवून फक्त गार झोत आत सोडायचा, आणि पडदे वरून थोडे उघडे ठेवायचे, म्हणजे आत शिळी हवा कोंडत नाही.

हे आकडे वाचून मन मागे हटलं तर तेही ठीकच. ज्यांना करून पाहायचंच आहे त्यांच्यासाठी पुढचं.

पहिली पायरी: मूळ आकडे

यंत्र उघडण्याआधी अर्धा तास चालवा. वॅट मोजणाऱ्या प्लगने किंवा क्लॅम्प मीटरने वीज नोंदवा, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान लिहा. लेबलवरचा अँपिअरचा आकडा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढे सगळे निर्णय त्या आकड्यावर होणार आहेत.

दुसरी पायरी: उघडणं

प्लग काढा. कॉम्प्रेसरचा कॅपॅसिटर वीज धरून ठेवतो. तो सुरक्षितपणे रिकामा करणं तुम्हाला येत नसेल तर इथून पुढचं काम जाणकार इलेक्ट्रिशियनसोबतच करा. टाकी, फिल्टर आणि बाहेरचं आवरण काढा. प्रत्येक वायर सुटी करण्याआधी फोटो काढा. गार कॉइलवर चिकटवलेला छोटा सेन्सर दिसेल, तो बर्फ ओळखण्यासाठी असतो. तो जागचा हलवायचा नाही. टाकी भरल्यावर यंत्र बंद करणारा तरंगता स्विचही तसाच ठेवायचा.

आता दोन्ही कॉइल नीट पाहा. त्या वेगळ्या चौकटींत असतील आणि मध्ये थोडी फट असेल तर काम होण्यासारखं आहे. दोन्हींच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पात्या सलग, एकाच ठोकळ्यात असतील तर आवरण परत लावा. ते यंत्र वेगळं होणार नाही.

तिसरी पायरी: कॉइल लांब करणं

सगळ्यात नाजूक भाग हाच. गार कॉइल जागेवर राहू द्या. गरम कॉइलचे स्क्रू काढा आणि ती नळ्यांच्या लवचीकतेवरच हळूहळू मागे घ्या, एकाच दिशेने, एकदाच. तांबं पुन्हापुन्हा वाकवलं की कडक होतं आणि मग चिरतं. वाक मोठ्या गोलाईचा यावा, म्हणून नळीचा सर्वांत लांब सरळ भाग निवडून दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी तिला आधार द्या. जोडाजवळ वाकवू नका. कॅपिलरी नळी तर केसासारखी समजा, ती चेपली की गॅसचा रस्ताच बंद.

दोन्ही कॉइलांमध्ये १० ते १५ सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर हवेला वळायला जागा मिळत नाही. एवढं अंतर मिळत नसेल तर जोर करू नका. एसीचा मेकॅनिक गॅस काढून घेईल, नळ्या वाढवून ब्रेझिंग (वितळलेल्या धातूने जोड पक्का करणं) करेल, व्हॅक्यूम करून लेबलवरच्या वजनाने गॅस भरेल. गॅस हवेत सोडून देणं हा पर्याय नाही. आर-१३४ए वजनाला वजन धरलं तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे.

चौथी पायरी: आडोसा

मधल्या जागेत २५ मिलिमीटर जाडीचा इन्सुलेशन बोर्ड उभा बसवा. गार कॉइल एका बाजूला, गरम कॉइल आणि कॉम्प्रेसर दुसऱ्या बाजूला. कॉम्प्रेसर गरम बाजूला हवाच, तो स्वतःच तापतो आणि त्यालाही वाहती हवा लागते. नळ्या जिथून आरपार जातात तिथे रबराचा तुकडा घाला, नाहीतर थरथरीने घासून महिन्याभरात भोक पडेल. कडा फॉइल टेपने हवाबंद करा. उघडा थर्माकोल गरम बाजूला वापरू नका, तो लवकर पेटतो.

पाचवी पायरी: हवा

बहुतेकांचं गणित चुकतं ते इथे. कारखान्यातून आलेल्या यंत्रात गरम कॉइलला गार कॉइलवरून आलेली थंड हवा मिळत होती. आडोसा घातल्यावर तिला खोलीची किंवा बाहेरची गरम हवा मिळते. कॉइल तेवढीच, पंखा तोच, पण हवा १५-२० अंशांनी गरम. आतला दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याचा ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) त्याला बंद करतो. माझं यंत्र पहिल्या चाचणीत नेमकं असंच बंद पडलं, आणि मी उगाचच गॅस गळल्याचा संशय घेत होतो.

तर गरम बाजूला किती हवा लागेल? ८०० वॅट खोलीतून काढलेले आणि ३०० विजेचे, मिळून ११०० वॅट. हवा १२ अंशांनी तापू द्यायची ठरवली तर तासाला सुमारे २७० घनमीटर. एवढी हवा बहुतेक छोट्या यंत्रांच्या मूळ पंख्याला झेपत नाही. तो तसाच ठेवून बाहेर जाणाऱ्या मार्गावर १५० मिलिमीटरचा डक्ट फॅन जोडा. १५० मिलिमीटरच्या नळातून ही हवा सेकंदाला सव्वाचार मीटर वेगाने जाते, ते ठीक आहे. १०० मिलिमीटरचा नळ घेतला तर वेग साडेनऊवर जातो. आवाज वाढतो आणि हवा तुंबते.

गार बाजूला वेगळा, छोटा पंखा हवा: तासाला १५०-१६० घनमीटर, कॉइलमधून हवा ओढून खोलीत सोडणारा. त्याने झोत खोलीपेक्षा ८-१० अंश गार येतो. दोन्ही जादा पंखे १२ किंवा २४ व्होल्टचे घ्या आणि त्यांचा ॲडॉप्टर भिंतीवरच्या ज्या स्विचवर यंत्र चालतं त्याच स्विचवर लावा, म्हणजे पंखे बंद आणि कॉम्प्रेसर चालू अशी वेळ येणार नाही. यंत्राच्या आतलं मूळ वायरिंग त्यामुळे अस्पर्श राहतं. एक भर मात्र इलेक्ट्रिशियनकडून घालून घ्या: गरम कॉइलवर ६५-७० अंशांना वीज तोडणारा थर्मल स्विच. पंखा अडकला तर तोच वाचवेल.

सहावी पायरी: खिडकी

गरम बाजूला दोन नळ लावा, एक बाहेरून हवा आणणारा आणि एक बाहेर सोडणारा. एका नळावर भागवायचा मोह होतो, म्हणून हिशोब देतो. तासाला २०० घनमीटर हवा खोलीतून घेऊन बाहेर टाकली तर तेवढीच बाहेरून आत येणार. ३० घनमीटरच्या खोलीत हा तासाला सहा-सात वेळा हवापालट झाला. बाहेरची हवा ८ अंशांनी गरम असेल तर ती सुमारे ५३५ वॅट उष्णता आत आणते. ८०० मधले ५३५ गेले, आणि ओलावा आला तो वेगळाच.

नळ आखूड आणि सरळ ठेवा. दोन्ही तोंडं एकमेकांपासून हातभर लांब असू द्या, नाहीतर टाकलेली गरम हवाच परत ओढली जाते. खिडकीच्या उरलेल्या भागात बोर्ड बसवून फटी टेपने बुजवा. आत येणाऱ्या नळाच्या तोंडाला जाळी लावा.

सातवी पायरी: चाचणी

पहिली चाचणी दहा मिनिटांची, समोर उभं राहून. सेटिंग सतत चालण्याचं ठेवा, कारण आर्द्रता ठरलेल्या आकड्याखाली गेली की यंत्र आपोआप थांबतं. गारव्याशी त्याला देणंघेणं नसतं. वीज भिंतीवर लावलेल्या आकड्याच्या वर गेली की लगेच बंद करा. बंद केल्यावर किमान तीन मिनिटं परत चालू करू नका, दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो.

बर्फ धरला तर गार बाजूची हवा कमी पडतेय, फिल्टर आणि पंखा पाहा. गार झोताबरोबर पाण्याचे थेंब उडत असतील तर तिथला वेग जास्त आहे, पंखा मंद करा. गार कॉइल अर्धवटच थंड होत असेल आणि वीज नेहमीपेक्षा कमी लागत असेल तर गॅस गळला असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिककडून तपासून घेईपर्यंत यंत्र चालवू नका. सगळं ठीक असेल तर तासभर, मग संध्याकाळभर. पहिले आठवडाभर कोणी जागं असतानाच चालवा. खोलीत धुराचा अलार्म, सर्किटवर गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर आणि पक्कं अर्थिंग हवं. एक्स्टेंशन बोर्ड नको, प्लग थेट भिंतीत.

रोजचं

फिल्टर दर पंधरवड्याला धुवा. गरम बाजूला आता बाहेरची धूळ येते, म्हणून तिथली कॉइल महिन्यातून एकदा मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने झाडा. गार कॉइलखालचा ट्रे टाकीकडे किंवा निचऱ्याकडे थोडा उतरता असू द्या. पाणी साचलं की शेवाळ आणि वास येतो. टाकीतलं पाणी स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका, त्यात धूळ आणि जंतू असतात, कॉइलच्या धातूचे कणही असू शकतात. फरशी पुसायला किंवा कुंडीतल्या शोभेच्या झाडांना ते चालतं.